मोटारीची माती

मातीनें वस्तु मळते हें लहान मुलालाहि ठाऊक असतें. मातीनें ती स्वच्छहि होते हें जुन्या काळच्या बायकांना अधिक चांगलें ठाऊक होतें. राख आणि माती यांच्या जोरावर त्यांनीं पितळेचीं भांडीं सोन्यासारखीं लखलखीत ठेविलीं. त्यामुळें मोटारीच्या रंगावरून मातीचा गोळा फिरवितात, असें माझ्या पुतण्यानें सांगितलें तेव्हां मला आश्चर्य वाटलें तें त्या उपायाचें नव्हे, त्याच्या किंमतीचें. पुढें चौकशी करतां कळलें कीं, ही माती मुळीं मातीच नव्हे. रबरासारखा एक मऊ, चिकट असा कृत्रिम पदार्थ, आणि त्यांत मिसळलेले अतिशय बारीक कठीण कण, असें तिचें खरें स्वरूप. जपानमधील तादाओ कोदाते यांनीं तिचीं अमेरिकन पेटंटें १९९० नंतरच्या दशकांत घेतलीं. नांव मात्र 'क्ले' हेंच राहिलें. खोटीं नांवें दीर्घायुषी असतात.

इचलकरंजींत ही वस्तु खपावी यांत नवल नाहीं. १९०४ सालीं विठ्ठलराव दातारांनीं येथें पहिला यंत्रमाग सुरू केला, तेव्हांपासून या गांवच्या हवेंत कांहीं ना कांहीं तरंगतच आहे. कापसाच्या तंतूंना मी दोष देणार नाहीं. ते पाण्याच्या एका फवाऱ्यानें निघून जातात. खरे चिवट पाहुणे निराळेच. सायझिंगच्या बॉयलरची काजळी, उसाच्या हंगामांत साखर कारखान्यांच्या धुराड्यांतून येणारी चिपाडांची राख, डांबराचे शिंतोडे, आणि ब्रेक झिजून उडणारे लोखंडाचे कण. यांतलें लोखंड सर्वांत वाईट. तें रंगांत रुततें, तेथेंच गंजतें, आणि पांढऱ्या मोटारीवर तांबूस टिकल्या दिसूं लागतात. मोटार धुऊन पुसली म्हणजे डोळ्यांना सारें ठीक दिसतें. तळहात फिरविला कीं खरखर लागते. पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातांत घालून फिरविला तर ती अधिकच जाणवते.

ही पिशवीची परीक्षा मला फार आवडली. आमचें गांव कापडाचें. तागा पुरता उलगडण्यापूर्वींच त्याचा कोपरा अंगठा आणि तर्जनी यांमध्यें चुरून पाहणारे आम्ही लोक. माणसाच्या बोटाला सुमारें १३ नॅनोमीटर उंचीच्या वळ्यादेखील ओळखतां येतात, असें स्वीडनमधील संशोधकांनीं २०१३ सालीं प्रयोगानें दाखविलें. येथल्या एखाद्या जुन्या व्यापाऱ्याला ही बातमी सांगितली तर तो 'मग?' एवढेंच विचारील.

आमची मोटार माझ्या थोरल्या बंधूंची. दादा गेल्यावर वहिनींनीं तिची किल्ली माझ्या हातीं दिली आणि म्हणाल्या, "भावोजी, गाडी स्वच्छ ठेवा, पण नवी करूं नका." या वाक्याचा अर्थ मला त्या वेळीं नीटसा लागला नव्हता. पुतण्या दादांचाच मुलगा. वडिलांची मोटार दुकानांतून आतांच आणल्यासारखी दिसावी, ही त्याची हौस. आणि तीहि मला समजण्याजोगी होती.

त्यानें हातमोजा आणला होता. त्याच्या तळव्यावर या तथाकथित मातीच्या जातीच्याच रबराचा थर असतो. तो घालून अर्ध्या तासांत सारी मोटार उरकते, शिवाय जमिनीवर पडला तर धुऊन पुन्हा घेतां येतो. वडीचें तसें नाहीं. ती एकदां धुळींत पडली कीं टाकूनच द्यावी लागते, कारण अंगाला चिकटलेली वाळू ती रंगावर ओढीत नेते. आमच्या अंगणाची धूळ पाहतां हा मुद्दा लहान नव्हता. तरीहि मीं वडी पसंत केली, आणि तीहि सर्वांत मऊ जातीची. हातमोज्याच्या जाड थरांतून बोटांना कांहीं कळत नाहीं; जागा गुळगुळीत झाली तरी हात आपला फिरतच राहतो. रंगावरचा पारदर्शक लेप असतो बहुधा ४० ते ५० मायक्रॉनांचा. माणसाचा केससुद्धां सामान्यतः याहून जाड. इतक्या उथळ भांडवलावर घाईचा व्यापार करूं नये.

आधीं लोखंडावरचें औषध फवारलें. त्याचे जांभळे ओघळ खालीं आले तेव्हां शेजारचीं मुलें टाळ्या पिटूं लागलीं. मग साबणाचें पाणी भरपूर शिंपडून वडीचा चतकोर तुकडा चपटा केला आणि भार न देतां सरळ रेषेंत, पुढेंमागें फिरविला. प्रथम हाताखालीं बारीक खर्रखर्र ऐकूं येते, मग ती मंद होते, आणि एका क्षणीं वडी निःशब्द घसरूं लागते. तेथें थांबावयाचें. मागाचा बिघाड डोळ्यांआधीं कानाला कळतो, असें दादा म्हणत. येथेंहि तोच न्याय. तुकडा काळा पडला कीं मळून आंतली ताजी बाजू वर काढावयाची.

चालकाच्या दाराशीं आलों तेव्हां मुठीमागच्या खोलगट जागेंत नखांचे आणि अंगठीचे ओरखडे दिसले. दादांच्या उजव्या हातांत चांदीची अंगठी असे. वडी तेथें दोनदां फिरविली. काजळी गेली, ओरखडे होते तसेच राहिले. राहणारच. बाहेरून येऊन चिकटलेलें तेवढें ही वडी उचलते. रंगाच्या अंगांत गेलेली रेघ तिला काढतां येत नाहीं. त्याला पॉलिश लागतें, म्हणजे तो लेपच घासून पातळ करावा लागतो. पुतण्या यंत्र घेऊन तयारच होता.

"काका, दोन मिनिटांचें काम आहे."

मीं त्याला ती जागा बोटांनीं चाचपून पाहावयास सांगितलें. त्यानें हात आंत घातला. त्याच्या वडिलांचा हात त्याच्याएवढाच होता. बराच वेळ तो कांहीं बोलला नाहीं. मग यंत्राची वायर गुंडाळूं लागला.

मोटारीच्या टपावर आतां थेंब पडला तर घरंगळत नाहीं, कारण जुनें मेणहि वडीबरोबर निघून गेलें. नवें मेण लावावयाचें राहिलें आहे. पाडव्याच्या आधीं तेवढें उरका, असा वहिनींचा निरोप आहे.