पांढऱ्या चादरीचा उजेड

बाळ झालं की घरात कॅमेरा येतो, नाहीतर कपाटात पडलेला बाहेर निघतो. खानदेशात पुष्कळदा तो बाळंतिणीबरोबर माहेरी जातो. धुळ्याचं सासर, जळगावचं माहेर, मधे पारोळा-एरंडोलचा नव्वदेक किलोमीटरचा रस्ता आणि मग पुढचे काही महिने एकच खोली. फोटोग्राफी शिकायची तर बाहेर पडायला हवं, लळिंगचा किल्ला चढायला हवा, मेहरूण तलावावर पहाट गाठायला हवी, असं सगळे सांगतात. दोन महिन्यांच्या बाळाच्या आईला यातलं काहीच जमणार नसतं. तिनं वाईट वाटून घेऊ नये. एका खोलीत अडकून पडणं ही या छंदाची उत्तम सुरुवात आहे.

एकाच जागी राहून कॅमेरा शिकलेला एक मोठा माणूस खानदेशच्या उंबऱ्यावरच होऊन गेला. मद्रासच्या लष्करातला रॉबर्ट गिल 1844 मध्ये अजिंठ्याला आला तो भित्तिचित्रांच्या तैलरंगातल्या नकला करायला. 1856 च्या सुमारास, पन्नाशी उलटल्यावर, त्यानं कॅमेरा हाती घेतला. 1864 मध्ये जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह लेण्यांवरचं त्याचं पुस्तक लंडनला निघालं, त्यात त्याचे 74 फोटो होते. दोन वर्षांनी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि तिथं मांडलेल्या त्याच्या बहुतेक नकला जळून गेल्या, फोटो राहिले. 1879 मध्ये तो वारला. त्याची कबर भुसावळला आहे. जळगाव जिल्ह्यातल्या कॅमेरावेड्यांनी हे नाव विसरू नये.

अजिंठ्याच्या आतल्या दालनांत उजेड दाराकडूनच येतो. बाहेर आरसा आणि आत पांढरं कापड धरून ऊन भिंतीपर्यंत न्यायची जुनी रीत तिथं होती. फ्लॅशला आजही बंदी आहे. तरी दोन क्रमांकाच्या लेण्यातली, मुलांना सांभाळणारी हारीती मांडीवर मूल घेऊन बसलेली दिसते आणि सतराव्या लेण्यात बुद्धापुढे उभी असलेली यशोधरा आणि राहुल ही मायलेकरं दिसतात. डोळे अंधाराला सरावले की एका बाजूनं येणाऱ्या उजेडात चेहरा कसा उठून येतो, ते कळायला लागतं.

घरातही हेच करायचं असतं. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास गेला की जळगावात अकरालाच खिडक्या लागतात, कूलर सुरू होतो. जुन्या धाब्याच्या घरात तर उजेड दारातून आणि छताच्या झरोक्यातून येईल तेवढाच. अशा वेळी बाळाला दारापासून थोडं आत, सतरंजीवर तिरकं निजवावं आणि दुसऱ्या बाजूला धुतलेली पांढरी चादर उभी धरावी. गालावरची काळी सावली लगेच विरते. फ्लॅशनं चेहरा सपाट होतो आणि बाळ दचकतं ते वेगळंच.

ही चादर मराठी माणसानं आधीही धरली आहे. धरणारी बाई होती सरस्वतीबाई फाळके. ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी दादासाहेबांच्या घरात लहान मुलं होती आणि सरस्वतीबाई स्वयंपाक उरकून रसायनं कालवत, रात्री फिल्मला भोकं पाडत आणि चित्रीकरणात उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहत. मुलं वाढवता वाढवता त्या प्रकाशचित्रणाचं तंत्र शिकल्या. मराठी छायाचित्रणाच्या इतिहासात त्यांना पहिल्या पानावर जागा मिळायला हवी.

त्याच घरात 1912 मध्ये कुंडीत पेरलेल्या वाटाण्याचा चित्रपट झाला, ‘अंकुराची वाढ’. कॅमेरा जागचा हलवायचा नाही, ठरावीक अंतरानं एकेक चित्र घ्यायचं, असं महिनाभर. नव्या आईबापांनी हा प्रयोग उचलावा. तीच खिडकी, तीच सतरंजी, तेवढंच अंतर, आठवड्यातून एकदा. सहाव्या-आठव्या आठवड्याच्या सुमारास बाळ माणसाकडे बघून हसायला लागतं, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मान धरतं. तारखेवार रांगेत हे फार सुंदर दिसतं.

हाताशी थोडं तंत्र हवं. पाय झाडणाऱ्या बाळाला शटर 1/250 सेकंद तरी लागतो, झोपलेल्याला 1/60 पुरतो. आयएसओ वाढला तर फोटोत दाणे येतात. येऊ द्यावेत, हललेल्या फोटोपेक्षा ते बरे. पांढरं झबलं, पांढरं दुपटं असलं की कॅमेरा फसतो आणि चेहरा काळवंडतो. एक्स्पोजर एका स्टॉपनं वाढवावं, मोबाइलवर चेहऱ्यावर बोट ठेवून उजेड वर सरकवावा. नवजात बाळाला वीस-तीस सेंटिमीटरपर्यंतच नीट दिसतं, तेव्हा लांबून टाळ्या वाजवून ते कॅमेऱ्याकडे बघणार नाही. डोळ्यावर फोकस धरावा आणि स्वतः जमिनीवर आडवं व्हावं.

काही गोष्टी मात्र खानदेशातच शिकता येतात. रावेरकडच्या केळीच्या बागेत, भर दुपारी पानांखाली घेतलेल्या फोटोत बाळ हिरवं दिसतं, कारण पानांतून गाळून आलेला उजेडच हिरवा असतो. दिवाळीनंतर भाव वाढण्याची वाट पाहत कापूस खोलीभर साठवलेला असतो. तो ढीग म्हणजे भिंतीएवढी चादर. दाराचा उजेड त्यावरून असा मऊ परततो की स्टुडिओतही मिळणार नाही. बाळाला त्यात बसवू मात्र नये, तंतू नाकातोंडात जातात. तसंच धुरीचं. उन्हाच्या तिरिपेत धूर फार देखणा दिसतो, पण बाळाच्या छातीला धूर वाईट, असं डॉक्टर सांगतात. तो फोटो सोडून द्यावा. आणि झोपलेल्या बाळाचा फोटो काढू नये, नजर लागते, असं आजी म्हणाली तर वाद घालू नये. तीट लावून झाल्यावर तीच दुपटं सारखं करून देते.

एकोणिसाव्या शतकात फोटोला काही सेकंद लागत. बाळ स्थिर राहावं म्हणून आईला कापडाखाली झाकून खुर्चीसारखं बसवत आणि तिच्या मांडीवर बाळ. युरोप-अमेरिकेत असे पुष्कळ फोटो सापडतात. आजच्या घरात कापड नाही, पण फोटो आई काढते आणि चित्रात बाळाबरोबर आत्या, मावशी, शेजारी असतात. तिचा हातसुद्धा नसतो.

म्हणून या आठवड्यात कॅमेरा बाळाच्या बाबांच्या, नाहीतर आजीच्या हातात द्या. शटर कुठे दाबायचा तेवढं दाखवा, आईला बाळाला घेऊन दारापाशी बसवा. आलेला फोटो चार बाय सहाचा छापून घ्या आणि मागे पेन्सिलनं तारीख, गाव आणि फोटोतल्या सगळ्यांची नावं लिहा.