सुदैवाने जीवितहानी नाही

भिवंडीत गोदामाला आग लागली की तिची बातमी आग विझण्याआधीच लिहून झालेली असते. आग ‘भीषण’ असते, माल ‘लाखोंचा’ असतो आणि तो ‘जळून खाक’ होतो. अग्निशमन दलाच्या गाड्या ‘घटनास्थळी दाखल’ होतात, जवान ‘शर्थीचे प्रयत्न’ करतात आणि परिसरात ‘एकच खळबळ’ उडते. दोन खळबळी उडाल्याचं अजून ऐकिवात नाही. आगीचं कारण ‘अद्याप अस्पष्ट’ असतं, पण शॉर्टसर्किटचा ‘प्राथमिक अंदाज’ मात्र तयार असतो. आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य येतं, ‘सुदैवाने या घटनेत कोणतीही जीवितहानी झाली नाही.’ पूर्णा, वळ, काल्हेर, दापोडे, माणकोली… गावाचं नाव बदललं की बातमी नवी.

दूरचित्रवाणीवर हेच जरा लांबतं. ‘त्या ठिकाणी आग त्या ठिकाणी लागल्याचं आपल्याला पाहायला मिळतंय.’ जणू आग म्हणजे काहीतरी मेजवानी आहे आणि ती पाहायला मिळणं हे आपलं भाग्य. ‘कुठेतरी’ हा शब्द तर आता स्थळ दाखवतच नाही. ‘प्रशासनाचं कुठेतरी दुर्लक्ष झालंय.’ कुठे, ते सांगायचं नसतं म्हणून ‘कुठेतरी’.

माझ्या ओळखीत भाषेवरून चिडणाऱ्यांची कमी नाही. पण त्यांचा राग या वाक्यांवर नसतो, तो ‘भेटलं’वर असतो. ‘पगार भेटला’, ‘रिक्षा भेटली नाही’, ‘मंडईत भाजी स्वस्त भेटते’ असं कोणी म्हटलं की समोरून लगेच येतं, ‘अहो, पगार मिळतो. भेटतात ती माणसं!’ हे वाक्य मी ठाण्यात ऐकलंय, डोंबिवलीत ऐकलंय, लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, आणि दर वेळी बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर ते आत्ताच सुचल्याचा आनंद पाहिलाय. मूळ चुकीपेक्षा ही दुरुस्तीच जास्त गुळगुळीत झाली आहे. त्याखालोखाल ‘माझी मदत कर’ आणि ‘मी त्याला बोललो’. कानाला खटकतं, मलाही खटकतं. पण हे कुठून येतं ते भिवंडीच्या धामणकर नाक्यावर पाच मिनिटं उभं राहिलं तरी कळतं. तालुक्याच्या गावांतून येणारा आगरी माणूस गाडीला ‘गारी’ म्हणतो, कोकणी मुसलमानांच्या घरात त्यांची स्वतःची कोकणी चालते, पद्मानगरात तेलुगू विणकरांचा मुक्काम आहे, आणि 1857 नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांच्या घरांत उर्दू आहे. त्यात रोज नव्यानं उतरणारी पूर्वांचली आणि बिहारी माणसं. इथलं एखादं वाक्य मराठीत सुरू होतं, मध्ये हिंदीतून जातं आणि पुन्हा मराठीत येऊन संपतं, आणि तरी कोणाचं काम अडत नाही. ‘माझी मदत कर’ म्हणणाऱ्या पोराला काय हवंय ते मला नीट समजतं. ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ असं शुद्ध मराठीत लिहिणाऱ्याला काय म्हणायचंय, ते मात्र आजवर कळलेलं नाही.

रस्त्यांच्या बाबतीत तर आपली मराठी एकदम राजेशाही होते. पावसाळा सुरू झाला की ‘खड्ड्यांचे साम्राज्य’ पसरतं. दिवे गेले की ‘अंधाराचे साम्राज्य’. घंटागाडी आली नाही की ‘घाणीचे साम्राज्य’. एवढी साम्राज्यं एका तालुक्यात नांदतात आणि सम्राट मात्र एकही सापडत नाही. चुकलो, चौकातल्या फलकावर एक असतो, पण तो ‘कार्यसम्राट’. रस्त्याची ‘चाळण’ होते आणि मग दुरुस्ती ‘युद्धपातळीवर’ सुरू होते. अंजूरफाट्याला संध्याकाळी कंटेनरांच्या मागे अडकलेल्या माणसाला युद्ध दिसतं, पातळी दिसत नाही.

आता यंत्रमागवाल्यांकडे वळतो, कारण ठरीव बोलण्याचा सर्वांत जुना नमुना त्यांच्याकडे आहे. कुठल्याही मागमालकाला विचारा, ‘काय शेठ, कसं काय?’ उत्तर येतं, ‘मंदा है.’ 1982 च्या संपात मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या आणि त्यांचं काम इथल्या मागांकडे वळलं. त्या बरकतीच्या दिवसांतही हेच उत्तर मिळत असणार, असा माझा दाट संशय आहे. मला या दोन शब्दांचा कधी राग आला नाही, कारण त्यांना कामं पुष्कळ आहेत. वर्गणी मागायला आलेल्या मंडळाला ते बाहेरच्या बाहेर परतवतात, करवाल्या साहेबाला सावध करतात, शेजाऱ्याची दृष्ट काढतात, आणि उसने मागायच्या बेतात असलेल्या मेहुण्याची वाटही अडवतात. हे वाक्य ऐकून कोणी मंदीची चौकशी करत नाही. मान हलवून तो आपल्या कामाला लागतो.

गंमत पुढेच आहे. नोव्हेंबर 2016 मध्ये नोटा रद्द झाल्या. रोखीवर मजुरी आणि रोखीवर सूत, असा सगळा कारभार असलेल्या गावात आठवड्याचा पगार वाटायला पैसे राहिले नाहीत. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला. कारागीर गावाकडे परतले, कितीतरी माग किलोच्या भावाने भंगारात गेले. त्या काळात मी पाहिलं, की ज्यांच्याकडे खरोखर मंदी आली होती ते ‘मंदा है’ म्हणायचे थांबले होते. ते चहा मागवत, विजेचं बिल समोर सरकवत, नाहीतर नुसतेच मुलाच्या शाळेबद्दल बोलत. दुखणं खरं होतं तेव्हा ठरलेलं वाक्य त्यांना पुरलं नाही.

मागाच्या शेडमध्ये तर बोलायची सोयच नसते. ज्यानं शेकडो धोट्यांची खटखट एका पत्र्याखाली ऐकली नसेल त्याला हे सांगून कळणार नाही. तिथे कानाशी ओरडावं लागतं, नाहीतर हातानं सांगावं लागतं: तार तुटली, कांडी संपली, जॉबरला बोलाव. ‘ॲक्च्युअली’ आणि ‘बेसिकली’ यांना तिथे प्रवेश नाही. पुढे याच कारागिरांना कमी ऐकू येतं, ते घरीही मोठ्यानं बोलतात, आणि बाहेरचे म्हणतात, ‘भिवंडीची माणसं भांडल्यासारखी बोलतात.’

भिवंडीला ‘भारताचं मँचेस्टर’ म्हणतात. शाळेच्या निबंधापासून मंत्र्यांच्या भाषणापर्यंत हे बिरुद चुकत नाही. पण इचलकरंजी महाराष्ट्राचं मँचेस्टर आहे, कोइमतूर दक्षिणेचं, कानपूर पूर्वेचं, आणि अहमदाबादनंही तो मान कधीपासून मिरवला आहे. इतक्या मँचेस्टरांच्या गर्दीत मूळ मँचेस्टरकडे मात्र कोणी बघत नाही. तिथल्या रॉयल एक्स्चेंजमधला कापसाचा बाजार 1968 मध्ये बंद झाला आणि त्या भव्य दालनात 1976 पासून नाटकं होतात. म्हणजे आपण कौतुकानं ज्याचं नाव घेतो त्या गावानं हा धंदा केव्हाच सोडला. एक साम्य तेवढं खरं आहे, आणि ते भाषणात कधी येत नाही. त्याच मुलखातल्या, लँकेशरच्या गिरण्यांतल्या बायका मागांच्या आवाजात ओठ मोठे हलवून, चेहऱ्यानं आणि हातानं बोलत. त्या बोलण्याला त्यांनी ‘मी-मॉइंग’ असं नावही दिलं होतं. आमच्याकडे हेच सगळं आहे, फक्त त्याला नाव नाही. नाव द्यायला कोणीतरी शेडमध्ये जायला हवं, आणि ‘मँचेस्टर’ म्हणून टाकलं की जावं लागत नाही.

दुसरं बिरुद ‘संवेदनशील’. चांगला शब्द. कवीला लावला तर गौरव. गावाला लावला की राखीव दलाची गाडी येते. मे 1970 मध्ये इथे दंगल झाली, तिच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन आयोग नेमला गेला. 1984 मध्ये पुन्हा दंगल झाली. तेव्हा शब्द लागला, त्यात खोटं काही नव्हतं. पण 1980च्या दशकाच्या अखेरीस पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या, गल्लीगल्लीत दोन्हीकडच्या माणसांना एका सतरंजीवर बसवलं, आणि डिसेंबर 1992 ते जानेवारी 1993 मध्ये मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. त्यावर लिहिलं गेलं, तो प्रयोग पुढे मुंबईनंही उचलला. विशेषण मात्र हललं नाही. आजही सणाच्या आदल्या दिवशी ‘संवेदनशील भिवंडीत चोख पोलीस बंदोबस्त’ हा मथळा ठरलेला, आणि मिरवणूक सुखरूप पार पडली तरी शांतता ‘तणावपूर्ण’च. बाहेरगावी मी भिवंडीचा म्हटलं की समोरचा ‘अरे बापरे’ म्हणतो. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. त्यानं गाव पाहिलेलं नसतं, विशेषण वाचलेलं असतं.

‘भेटलं’वर चिडणाऱ्यांशी माझं जमत नाही ते यामुळे. त्यांचं म्हणणं, चुकीच्या मराठीनं भाषा मरते. माझा राग व्याकरणशुद्ध वाक्यांवर आहे. सप्टेंबर 2020 मध्ये इथल्या पटेल कंपाउंडमधली तीन मजली जिलानी इमारत पहाटे कोसळली, तीसहून अधिक माणसं गेली. अशी इमारत पडली की बातमीत ती ‘पत्त्यांच्या बंगल्यासारखी’ पडते. पत्ते फुंकरीनं पडतात आणि हातानं गोळा करता येतात. तिथे माणसं काढायला दिवस लागले. अशा वेळी ‘दुर्दैवाने’ हा शब्द येतो, आणि आगीच्या वेळी ‘सुदैवाने’. इथे जे काही घडतं ते दैवच घडवतं, बांधणारा, परवानगी देणारा, भाडं घेणारा कोणी कर्ता नसतोच. ‘करण्यात आले’, ‘उभारण्यात आले’, ‘दुर्लक्ष झाले’. कर्त्याशिवाय एवढी बांधकामं फक्त मराठी वाक्यातच उभी राहू शकतात.

गोदामं काही आभाळातून पडली नाहीत. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, ग्रामपंचायतींच्या जमिनीवर, महामार्ग आणि बंदर दोन्ही हाताशी, म्हणून ती इथे आली. परवानगीपेक्षा पत्रे आधी चढले. आत कुठे कपडे, कुठे औषधं, कुठे रसायनांचे पिंप. विझवायला निघालेल्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो ‘आत काय आहे?’ हा, आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीत नेमकं तेवढंच नसतं. रोजंदारीवरच्या हमालांचं पुढे काय झालं, हेही नसतं. ती जीवितहानी नव्हे.

वर्तमानपत्रांना बातम्या पुरवणारा एक जण माझ्या ओळखीचा आहे. मोटारसायकलवर फिरतो, बातमीमागे पैसे मिळतात, तेही उशिरा. एकदा मी त्याला डिवचलं, ‘अरे, तुझ्या सगळ्या आगी एकाच शाळेत शिकल्यात का?’ तो हसला नाही. म्हणाला, ‘रात्री अडीचला फोन येतो, पावणेतीनला पान सोडायचं असतं. त्या वेळेत जे हाताला लागतं ते टाकतो.’ हे मला पटलं. रात्री अडीच वाजता कोणाला नवं वाक्य सुचणार आहे? मग मी म्हटलं, ‘ठीक आहे, भीषण लिही, खाक लिही, शर्थ लिही. फक्त एक ओळ वाढव, आत काय होतं आणि गाळा कोणाचा होता.’ त्यानं हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि पट्टा लावता लावता म्हणाला, ‘दादा, गाळा कोणाचा ते छापलं, तर पुढच्या आगीचा फोन मला कोण करणार?’