पन्नास सह्या

मार्च आला की आमच्याकडे दोन गोष्टी हमखास होतात. घरपट्टी-पाणीपट्टी भरा म्हणून रिक्षाला भोंगा लावून गावभर ओरडत फिरतात, आणि वर्षभर कुणी ढुंकून न पाहिलेले रस्ते एकाएकी खोदायला घेतात. पैसा आत यायची आणि बाहेर जायची घाई एकदमच. मधल्या काळात त्याचं काय झालं ते विचारायचं नाही. विचारलंत तर पहिला प्रश्न उलट तुम्हालाच येतो, "पण तुम्ही कोण?"

माझ्या मामाने हा प्रश्न गेल्या पाच-सहा वर्षांत इतक्या वेळा ऐकलाय की आता तो त्याच्या अंगावरून पावसासारखा निथळून जातो. मामा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होता. रिटायर होऊन सातारा आणि सांगलीच्या मधल्या आपल्या गावी राहतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. हे वाचणारे निम्मे नातेवाईक आहेत, त्यांना ते ठाऊक आहे, आणि उरलेल्यांना कळून काही उपयोग नाही. तर तिथे दर गुरुवारी, बाजार उठल्यावर, मारुतीच्या पारावर काही माणसं जमतात आणि ग्रामपंचायतीचे हिशेब वाचतात. एक निवृत्त गुरुजी, एक पोस्टमन, डेअरीत हिशेब लिहिणारे एक जण, शिवणकाम करणाऱ्या एक काकू, झेरॉक्सच्या दुकानातला एक पोरगा, असे सुरुवातीला अकरा होते. संघटना म्हणावी तर नाव नाही, लेटरहेड नाही, रबरी शिक्का तर नाहीच. गावाने मात्र बारसं केलंय: "हिशेबवाले". म्हणताना नाक जरा मुरडतात.

वाचतात म्हणजे काय वाचतात? मलाही आधी वाटायचं की हे फार अवघड प्रकरण असणार. तसं नाही. ग्रामपंचायतीची सगळी दप्तरं नंबराने ठरलेली असतात. नमुना ८ म्हणजे कुणाच्या घरावर किती कर बसवला त्याची आकारणी, नमुना ९ म्हणजे मागणी किती आणि वसूल किती, नमुना ५ म्हणजे रोकडवही. वित्त आयोगाच्या पैशातून काय खर्च झाला ते ई-ग्रामस्वराजवर फोनमध्येही दिसतं. ते झेरॉक्सवाला पोरगा काढतो, बाकीचे चष्मे कपाळावर चढवून बघतात. मामाचा खास विषय म्हणजे एमबी, मोजमापाचं पुस्तक. काम झालं की इंजिनियर लांबी, रुंदी, जाडी मोजून त्यात लिहितो आणि त्यावर बिल निघतं. मामाने आयुष्यभर एमबी लिहिल्या आहेत. त्यामुळे कुठली ओळ जागेवर उभं राहून लिहिली आणि कुठली खुर्चीत बसून, ते त्याला वासाने कळतं म्हणे.

कायद्याने बघायला गेलं तर "तुम्ही कोण" हा प्रश्न केव्हाच निकाली निघाला आहे. महाराष्ट्राने माहिती अधिकाराचा स्वतःचा कायदा २००२ सालीच केला होता. अण्णा हजाऱ्यांच्या २००३ च्या उपोषणानंतर तो खरा हालला. मग ऑक्टोबर २००५ पासून देशभराचा कायदा आला आणि त्यात स्वच्छ लिहिलंय की माहिती कशाला हवी याचं कारण अर्जदाराला विचारता येणार नाही. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा, पानाला दोन रुपये भरा, तीस दिवसांत उत्तर. २०१२ मध्ये आपल्या राज्याने एक गंमत केली, अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांत बसवा म्हणून नियम काढला. गुरुजी त्यावर खूश आहेत. म्हणतात, आयुष्यभर पोरांना सारांश लेखन शिकवलं, ते आता उपयोगी पडतंय.

पण गावात कायद्याचं कलम दाखवून काही होत नाही. सरपंच मामाच्या भावकीतलेच. ते वरच्या आवाजात बोलतच नाहीत. घरी येतात, चहा घेतात आणि म्हणतात, "तात्या, घरातली गोष्ट घरात विचारायची की. अर्ज कशापायी? आणि तुमी नक्की कुणाच्या वतीनं इचारताय?"

या शेवटच्या वाक्याला मामाकडे उत्तर नव्हतं. त्याने ते मला फोनवर सांगितलं तेव्हा मला सार्वजनिक काका आठवले.

सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी. जन्म १८२८ चा, साताऱ्याचा. पुढे पुण्यात वकिली. तेव्हा पर्वतीच्या देवस्थानाच्या कारभाराबद्दल लोकांच्या तक्रारी होत्या. तक्रार करायला गेलं की हाच प्रश्न: तुम्ही कोण? काकांनी त्याचं उत्तर वकिलाच्या डोक्याने शोधलं. २ एप्रिल १८७० ला पुणे सार्वजनिक सभा निघाली, तिचा नियमच असा की ज्याच्याकडे किमान पन्नास प्रौढ माणसांचं मुखत्यारपत्र असेल तोच सभासद. सुरुवातीला असे ९५ प्रतिनिधी आणि त्यांच्यामागे सहा हजारांवर लोक. मतदान नाही, निवडणूक नाही, मतदार यादी हा शब्दही ऐकलेला नाही, अशा काळात! एका देवळाच्या हिशेबापासून निघालेली ही सभा पुढे सारा, दुष्काळ, सरकारचं अंदाजपत्रक अशा सगळ्यात शिरली. आपण शाळेत "काँग्रेसच्या आधीची संस्था" एवढी एक ओळ पाठ करतो आणि पुढच्या धड्याला लागतो. मला त्यातला पर्वतीचा भाग जास्त आवडतो.

मामाला हे सगळं सांगितलं. तिकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाला, "म्हणजे मुखत्यारपत्र. हे बरं आहे गं."

पुढच्या गुरुवारी त्यांनी एक साधा कागद केला. "खाली सह्या करणारे आम्ही गावचे करदाते असून गावच्या खर्चाचा हिशेब आमच्या वतीने या मंडळींनी मागावा." बस्स. अर्ज एकट्या माणसाचाच लागतो, त्यामुळे या कागदाला कायद्यात काडीची किंमत नाही, हे मामालाही माहीत होतं. पन्नास सह्या गोळा करायच्या ठरल्या.

एका आठवड्यात एकतीस झाल्या. मग थांबल्या. मग उलट्या दिशेने सुरू झाल्या! एक जण रात्री मागच्या दाराने आला, घरकुलाच्या यादीत नाव आहे, सही तेवढी खोडा म्हणाला. एकाचा गाळा ग्रामपंचायतीचा. एकाचा मुलगा पाणीपुरवठ्यावर रोजंदारीला. मामाने प्रत्येकाची सही स्वतःच्या हाताने, त्यांच्यासमोर, पट्टी लावून खोडली. मला राग आला होता. मी म्हटलं, अरे मग कशाला केली आधी? मामा म्हणाला, "त्याच्या डोक्यावर पत्रा आहे. पावसाळ्यात तू एक रात्र तिथं झोपून ये, मग बोल." मी गप्प बसले. एका म्हाताऱ्या आजींनी मात्र निरोप पाठवून कागद घरी मागवून घेतला आणि अंगठा उठवला. म्हणाल्या, "माझं आता काय काढून घेणारेत?"

शेवटी त्रेचाळीस झाल्या. पन्नास काही भरल्या नाहीत.

इथे दुसऱ्या जोशांबद्दल लिहायलाच हवं. हे गणेश व्यंकटेश जोशी, जन्म १८५१, मिरजेचे. इंग्रजी आद्याक्षरं दोघांची तंतोतंत एक, त्यामुळे जुनं काही वाचताना नीट पाहावं लागतं कुठले जोशी ते. (आणि तेव्हा मिरज संस्थानात होती. सांगली जिल्हा म्हणजे आधी सातारचाच भाग, १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून वेगळा काढला आणि १९६० मध्ये त्याला सांगली नाव मिळालं. आमच्या आजीच्या तोंडी शेवटपर्यंत "दक्षिण सातारा"च होतं.) तर हे मिरजेचे जोशी सरकारी शाळेत मास्तर, पुढे हेडमास्तर. सरकारी नोकर असून सरकारचेच आकडे तपासायचे. सार्वजनिक सभेचं त्रैमासिक १८७८ पासून निघायला लागलं, त्यात यांचे लेख आहेत, जमाखर्चाचे, कराचे, रेल्वेच्या खर्चाचे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १८९७ मध्ये वेल्बी कमिशनपुढे साक्ष दिली ती यांच्याकडे आकडे घोटून. गोखल्यांचं १९०२ चं अंदाजपत्रकावरचं भाषण गाजलं त्याच्यामागेही हेच मास्तर. सरकार सांगत होतं, तिजोरीत भरपूर शिल्लक आहे. गोखले म्हणाले, लोक दुष्काळात भरडले जात असताना शिल्लक राहते, याचाच अर्थ तुम्ही गरजेपेक्षा जास्त कर घेताय. पुढच्याच वर्षी मिठावरचा कर मणाला अडीच रुपयांवरून दोन रुपये झाला. भाषण करणाऱ्याचे पुतळे झाले. आकडे काढून देणाऱ्याचं नाव खुद्द मिरजेत विचारून बघा.

साताऱ्याच्या जोशांनी माणसं गोळा केली आणि मिरजेच्या जोशांनी आकडे. हिशेबवाल्यांकडे आकडे होते, माणसांची वानवा होती.

तरी ग्रामसभेला ते तो त्रेचाळीसांचा कागद घेऊन गेले. ग्रामसभेला पंधरा टक्के मतदार किंवा शंभर माणसं, यातलं जे कमी ते लागतं. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणसंख्येची अट नाही. त्यामुळे बऱ्याच गावांत खरी सभा ही तहकूब सभाच असते, पाच-सात जण आणि एक पंखा. त्या दिवशी मात्र कागदावर सही केलेल्यांपैकी तीसेक जण खरोखर आले. बायकाही आल्या. मामाने वस्तीवरच्या सिमेंटच्या रस्त्याची एमबी वाचून दाखवली: जाडी पंधरा सेंटिमीटर. मग म्हणाला, रस्ता इथून दोनशे पावलांवर आहे, माझ्याकडे पट्टी आहे, चला. सगळी सभा उठून रस्त्याच्या कडेला गेली. एका ठिकाणी दहा भरली, एका ठिकाणी साडेनऊ. भाऊसाहेब (म्हणजे ग्रामसेवक, त्या पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण लोक भाऊसाहेबच म्हणतात) घाम पुसत म्हणाले, कडेला थोडी कमीच असते. मामा म्हणाला, "खरंय. मधे फोडून बघूया?"

मधे फोडला नाही. रस्ता आहे तसाच आहे, पहिल्या पावसात त्याची वाळू निघाली. पण कंत्राटदाराचं शेवटचं बिल अडलं, आणि पुढच्या कामाला स्लम्प, जाडी वगैरे बघायला भाऊसाहेब स्वतः उभे राहिले. आता हा विजय म्हणायचा की नाही, मला ठरवता येत नाही. मामा या शब्दाच्या वाटेलाच जात नाही.

एक मात्र खरं, की या कामाची दुसरी बाजूही आहे. निवडणूक जवळ आली की दोन्ही गट हिशेबवाल्यांच्या घरी कागद आणून टाकतात, आपल्या विरुद्धच्या माणसाचे. शिवाय माहिती अधिकाराचा अर्ज करून नंतर पाकीट घेणारी जमात आहेच. त्यांनी या कामाचं नाव इतकं खराब केलंय की प्रामाणिक माणसाला आधी आपण तसे नाही हे सिद्ध करावं लागतं. आणि भीती आहे ती वेगळीच. तळेगाव दाभाड्याच्या सतीश शेट्टींचा १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला गेले असताना खून झाला. जमिनींचे व्यवहार उघडकीला आणत होते. मामी ते विसरलेली नाही. मामा सकाळी फिरायला निघाला की ती आजही फाटकापर्यंत येते.

शहरांत तरी काय वेगळं आहे म्हणा. सातारा नगरपालिकेची मुदत २०२१ च्या अखेरीस संपली, सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची २०२३ च्या ऑगस्टमध्ये. निवडणुका कोर्टात अडकल्या आणि झाल्या थेट डिसेंबर २०२५ आणि जानेवारी २०२६ मध्ये. मधली सगळी वर्षं प्रशासक. अंदाजपत्रक मांडणारा तोच आणि मंजूर करणाराही तोच. नगरसेवकांना आपण कितीही नावं ठेवू, पण सभागृहात निदान भांडण व्हायचं आणि त्या भांडणातून चार आकडे बाहेर सांडायचे. पुण्यात सजग नागरिक मंचासारखी मंडळी चिकाटीने मागे लागतात. तिथे महापालिकेत सोमवारी दुपारी तीन ते पाच फायली बघू देण्याची पद्धत पडली आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये सरकारने ती राज्यभर जिल्हा पातळीवरच्या कचेऱ्यांना आणि स्थानिक संस्थांना लागू केली. अर्ज नको, काही नको, जाऊन बसायचं आणि फाईल मागायची. आमच्या साताऱ्यातल्या ओळखीच्या वीस जणांना मी हे विचारलं. दोघांना माहीत होतं. गेलेला एकही नाही.

असो. मामाच्या गावी आता अकराचे पाच उरलेत. एक वारले, एक मुलाकडे पुण्याला गेले, बाकीचे नुसते यायचे बंद झाले. पण सध्या सगळ्यात जोरात आहेत त्या शिवणकामवाल्या काकू. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात, हे त्यांना गुरुजींकडून कळलं. त्यांनी अर्ज केला. उत्तर आलं: सहा शिलाई मशीन वाटप केल्या. काकूंनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "गावात फॉल-पिको, ब्लाऊज सगळं माझ्याकडं येतं. सहा मशीन आल्या असत्या तर माझं गिऱ्हाईक नसतं का तुटलं?"

लाभार्थ्यांची नावं मागणारा दुसरा अर्ज त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलाय, १५० शब्दांत. त्याचे तीस दिवस येत्या गुरुवारी भरतात.