परतूर ते जेद्दा : मधला समुद्र

परतूरहून समुद्र गाठायला एक अख्खी रात्र लागते. उमराहला निघालेलं कुटुंब बहुधा देवगिरी एक्स्प्रेसनं मुंबईकडे जातं. स्टेशनवर पोचवायला अर्धी गल्ली येते. गळाभेटी होतात, कुणाकुणासाठी काय दुआ मागायची ते सांगून होतं, लोणच्याची बरणी घट्ट बांधली का याची चौकशी होते. त्या गर्दीत एखादी दादी किंवा नानी हळूच विचारते, समुद्रावर असताना विमान बिघडलं तर? पोरं हसण्यावारी नेतात. पण तिच्या प्रश्नाला नीट उत्तर आहे आणि गाडी येण्याआधी ते तिला मिळायला हवं.

मुंबईहून हजची जहाजं 1995 पर्यंत जात होती. तेव्हा आठवडाभर समुद्र सोबतीला असे. आता मुंबई ते जेद्दा हे सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचं अंतर विमान पाच तासांच्या आसपास कापतं. त्यातला अरबी समुद्रावरचा टप्पा साधारण दोन तासांचा. पुढं ओमानचा किनारा आणि मग वाळवंट.

किनारा मागं पडला की काही वेळानं रडारची नजर संपते. रोजच्या वापरातला रेडिओही साडेतीनशे-चारशे किलोमीटरपर्यंतच पोचतो. त्यापुढं लांब पल्ल्याचा, खरखरणारा रेडिओ किंवा उपग्रहामार्फत जाणारे संदेश. एकाच वाटेवर मागंपुढं आणि वरखाली दुसरी विमानंही असतात. म्हणून एखादं इंजिन बंद पडलं तरी वैमानिक सरळ खाली येत नाही. आधी विमान ताब्यात ठेवायचं, मग कुठं जायचं ते ठरवायचं, मग बोलायचं, हा क्रम त्याच्या अंगी मुरवलेला असतो. नियंत्रण कक्षाची परवानगी मिळायला वेळ लागणार असेल, तर नेहमीच्या वाटेपासून निदान 30 अंश वळायचं, 5 सागरी मैल, म्हणजे नऊएक किलोमीटर बाजूला व्हायचं आणि मग उंची सोडायची. बाहेरचे सगळे दिवे लावायचे आणि आणीबाणीच्या रेडिओवर आसपासच्या विमानांना सांगायचं. जालना रस्त्यावर जीप बंद पडली की आपणही आधी कडेला घेतो, बॉनेट नंतर उघडतो.

दोन इंजिनांचं विमान एका इंजिनावर कमी उंचीवरून उडत राहू शकतं. एका इंजिनावर ठरलेल्या वेळात कुठलं तरी विमानतळ गाठता येईल, अशीच वाट निघण्यापूर्वी आखलेली असते. या समुद्राच्या कडेला मुंबई, कराची, मस्कत, सलालाह आहेत.

पण इंजिनापेक्षा फसवा बिघाड एखाद्या छोट्या यंत्राचाही असू शकतो. मुंबईनं तो पाहिला आहे. 1 जानेवारी 1978 च्या रात्री एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' हे जम्बो विमान सांताक्रूझहून दुबईला निघालं. किनारा ओलांडताना ते ठरल्याप्रमाणे उजवीकडे वळलं आणि पुन्हा सरळ झालं. विमान सरळ आहे की कुशीवर कललं आहे हे दाखवणारं कॅप्टनसमोरचं यंत्र मात्र उजवीकडे कललेलंच दाखवत राहिलं. बाहेर काळोख, खाली काळा समुद्र, डोळ्यांना क्षितिजाचा आधार नाही. कॅप्टननं त्या यंत्रावर भरवसा ठेवून विमान डावीकडे झुकवलं, झुकवतच नेलं. यंत्रांचा मेळ बसत नाही हे फ्लाइट इंजिनिअरनं शेवटच्या काही सेकंदांत बोलून दाखवलं, पण तोवर उशीर झाला होता. उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत, वांद्र्याच्या किनाऱ्यापासून सुमारे तीन किलोमीटरवर विमान समुद्रात कोसळलं. सर्व 213 माणसं गेली. मला यात सर्वांत जास्त सलतं ते हे, की खरं सांगणारं यंत्र त्याच कॉकपिटमध्ये होतं. म्हणूनच दोघा वैमानिकांनी आपापली यंत्रं एकमेकांशी आणि तिसऱ्या, राखीव यंत्राशी ताडून पाहायची आणि फरक दिसताच मोठ्यानं बोलायचं, यावर आज इतका भर असतो.

याच कंपनीची दुसरी हकीकत 11 सप्टेंबर 2018 ची. दिल्लीहून निघालेलं बोइंग 777 सुमारे 370 माणसं घेऊन न्यूयॉर्कजवळ पोचलं आणि ढगांतून धावपट्टीकडे नेणारी यंत्रणा निकामी झाल्याचं उतरताना कळलं. जवळ आलेल्या विमानाचा इशारा देणारं यंत्रही बंद. ढग खाली उतरलेले, इंधन मोजकं. कॅप्टन रुस्तम पालिया आणि त्यांच्या साथीदारांनी काय काय बंद आहे ते नियंत्रण कक्षाला आडपडदा न ठेवता सांगितलं, शेजारच्या नेवार्कला थोडं बरं हवामान होतं तिथं वळले आणि विमान सुखरूप उतरवलं.

प्रवाशाच्या हाती यातलं थोडंच असतं. पण जे असतं ते परतूरलाच, घरी बसून वडीलधाऱ्यांना समजावता येतं, कारण विमानातली इंग्रजी घोषणा अनेकांच्या डोक्यावरून जाते. समोरच्या खिशातलं कार्ड चित्रांचं असतं, अक्षरओळख नसली तरी कळतं. हवेचा दाब गेला तर मास्क खाली येतात. आधी आपला लावायचा, मग शेजारच्याचा. त्यातला ऑक्सिजन बहुतेक विमानांत 12 ते 15 मिनिटं पुरतो आणि तेवढ्यात विमान दहा हजार फुटांपर्यंत खाली आणलं जातं. खाली येताना ते कोसळतंय असं वाटतं, पण ते मुद्दाम उतरवलेलं असतं, हे अम्मीला आधीच सांगून ठेवा. लाइफ जॅकेट विमानाच्या आत कधीही फुगवायचं नाही. 1996 साली कोमोरो बेटांजवळ समुद्रात पडलेल्या इथिओपियन विमानात अनेकजण फुगलेल्या जॅकेटमुळेच आत अडकून बुडाले.

उमराहच्या विमानात आणखी एक गोष्ट हमखास घडते. मीकात जवळ आल्याची घोषणा झाली की वजूसाठी एकदम रांग लागते, वाटेत माणसंच माणसं. सीटबेल्टचा दिवा लागला असेल तर तेव्हा बसूनच राहावं. वजू आणि इहराम मुंबईतच उरकून निघणं उत्तम.

दोनेक तासांनी ओमानच्या किनाऱ्याचे दिवे दिसू लागतात आणि मस्कतच्या नियंत्रण कक्षाचा आवाज कॉकपिटमध्ये स्वच्छ येऊ लागतो. तिथून जेद्दापर्यंत बहुतेक जमीनच आहे.