चकलीचा फुत्कार

मंडळी, शीर्षक वाचून हे पाककृतींचं पान आहे असं समजू नका. ही चकली म्हणजे सव्वादोन फूट लांबीची अजगराची मादी आहे आणि तिचा मुक्काम आमच्या चिरंजीवांच्या खोलीत असतो.

झालं असं की २०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही नोकरी बदलली आणि न्यू जर्सीतला चौदा वर्षांचा संसार गुंडाळून ओहायोत कोलंबसला आलो. आम्हा मोठ्यांचं काय, वाण्याचं दुकान आणि मराठी मंडळ सापडलं की बस्तान बसलं. पण तेरा वर्षांच्या मुलाचे मित्र, क्रिकेटची टीम, सगळंच मागे राहिलं. ऑगस्टमध्ये नवी शाळा सुरू झाली आणि पोरगं बोलेनासं झालं. घरी आलं की खोलीत, आणि दार बंद. 'काय झालं?' विचारलं तर 'नथिंग'. मग सौ. आणि आम्ही, जुनी मागणी लाच म्हणून मंजूर केली. ३१ ऑगस्टच्या शनिवारी बॉल पायथन घरी आला.

हा मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला छोटा अजगर. बिनविषारी. घाबरला की डोकं आत घालून अंगाचा चेंडू करतो, म्हणून हे नाव. व्हिडिओ कॉलवर आमच्या आईनं ते वेटोळं बघितलं आणि म्हणाली, "अगं बाई, चकलीच की!" बारसं तिथंच उरकलं. वर तिनं दुधाची वाटी ठेवायला सांगितली. साप दूध पीत नाही, त्याला ते पचतही नाही, हे आम्ही तिला गेली तीस वर्षं दर नागपंचमीला सांगतो आहोत.

पहिल्याच रात्री आम्ही पेटीचं झाकण उघडलं आणि आतून 'फुस्स्स' असा आवाज आला. आम्ही साताऱ्याकडचे. लहानपणी बांधावर घोणशीचा फुत्कार ऐकलेला, कुकरची वाफ सुटावी तसा. तो आवाज ऐकला की आधी पाय पळतात, डोकं मागाहून येतं. त्या वयात उडी मारली होती तेवढीच आता बेचाळिसाव्या वर्षी मारली. सौ. दारातूनच म्हणाली, "परत देऊन या."

पण आम्ही पडलो इंजिनिअर. बिघाड दिसला की आधी रीडिंग्ज घ्यायची. दोन थर्मामीटर बसवले. उबदार बाजूला ९० अंश फॅरनहाइट, थंड बाजूला ७८, आर्द्रता ६० टक्के. सगळं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. आजार असेल का? सापाच्या छातीत बिघाड झाला तर श्वासाबरोबर घरघर किंवा टकटक ऐकू येते, तोंडाशी बुडबुडे दिसतात, तोंड उघडं राहतं. तसं असलं तर तडक सापांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे न्यायचं. तसं काहीच नव्हतं. कात टाकायच्या आधी डोळे निळसर धुरकट होतात, दिसत नाही आणि स्वभाव चिडका होतो. तेही नव्हतं. शेवटी आम्ही एक्सेलमध्ये तक्ताच केला. वेळ, तापमान, आर्द्रता, फुत्कार.

चार दिवसांत २६ फुत्कार झाले. मंगळवारी रात्री आम्ही तक्ता घेऊन खोलीत गेलो. चिरंजीवांनी दोन मिनिटं बघितला आणि म्हणाले, "बाबा, यातले तेवीस तू झाकण उघडल्यावरचे आहेत. कॉमन फॅक्टर तू आहेस."

मग त्यानं आम्हाला समजावलं. कित्येक दिवसांनी तो सलग पाच वाक्यं बोलत होता, म्हणून आम्ही मुकाट ऐकलं. सापाला स्वरतंतू नसतात. फुप्फुसातली हवा जोरात बाहेर टाकली की फुत्कार होतो, बस. त्याचा अर्थ 'चावेन' असा नसून 'लांब राहा, मला भीती वाटते' असा असतो. चावण्याची वेळ येऊ नये म्हणूनच तो आवाज. जंगलात वरून झडप घालतो तो शत्रू, आणि आमचा हात नेमका वरून येतो. बाहेरचे कान नसले तरी जमिनीतली कंपनं जबड्याच्या हाडांतून तिला कळतात, म्हणजे आमची पावलंही. नव्या घरात आल्यावर निदान आठवडाभर तिला हात लावायचा नाही, सारखं डोकावायचं नाही.

"तिला अजून वासही ओळखीचा नाहीये इथला," तो म्हणाला. "आणि तू दर तासाला बघायला येतोस की ती ठीक आहे का."

मंडळी, खरं सांगायचं तर निम्म्या वेळा आम्ही साप बघायला जातच नव्हतो.

त्या रात्री झोप आली नाही. २००४ साली एम.एस. करायला आलो तेव्हाचा पहिला महिना आठवला. रूममेट्स 'चल ना, बाहेर चल' करून ओढायचे आणि आम्ही पांघरूण डोक्यावरून घ्यायचो. त्यातला एकजण मात्र काही न विचारता दारापाशी खिचडीचं ताट ठेवून जायचा. तिसऱ्या आठवड्यात आम्ही बाहेर आलो ते त्याच्याचकडे.

दुसऱ्या दिवशी बापलेकांनी पेटीच्या तीन बाजूंना काळा कागद लावला, लपायला दोन खोपटी ठेवली, एक उबेला आणि एक गारव्याला, तीही अंग घासेल इतकी अरुंद. मोकळी ऐसपैस जागा तिला नकोच असते. गणपती विसर्जनापर्यंत कोणी हात लावायचा नाही असं ठरलं. पाणी फक्त चिरंजीव बदलणार. दार वाजवणं आम्ही त्याच दिवसापासून बंद केलं. सोपं नव्हतं. दोनदा हात वर करून परत फिरलो.

गणपती आले ७ सप्टेंबरला. आदल्या रात्री सौ. मोदकांची तयारी करत असताना पोरगं आपणहून खाली आलं आणि वेलची कुटायला बसलं. कुटता कुटता, मान खाली घालूनच म्हणालं, "शाळेत लंचला मी एकटाच बसतो." आमच्या जिभेवर दहा उपाय आले. समुपदेशकाला फोन, क्रिकेट क्लब, आणखी काय काय. सौ.नं टेबलाखालून पाय दाबला. आम्ही फक्त "हं" म्हणालो. मग तो अर्धा तास बोलत होता.

राहता राहिला जेवणाचा प्रश्न. चकलीला लागतो उंदीर, गोठवलेला आणून कोमट केलेला. गणपती घरात असताना त्याच्याच वाहनाला कोण वाढणार? पण हा अजगर आठवडेच्या आठवडे उपाशी राहू शकतो, त्यामुळे चकलीला पाच दिवसांचा उपास घडला. १२ सप्टेंबरला चिमट्यानं उंदीर पुढे केला. क्षणभर जीभ लवलवली, आणि झडप. फुत्कार नाही, काही नाही. चिरंजीवांनी जिन्यावरून आरोळी ठोकली, "आई, जेवली!" घरात इतका मोठा आवाज जूननंतर पहिल्यांदाच झाला.

कोणाला साप पाळायचा असेल तर आधी आपल्या राज्याचे आणि गावाचे नियम बघा. भारतातल्या आपल्या अजगराला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, तो पाळता येत नाही. आणि हा पाहुणा वीस-तीस वर्षं राहतो, हे लक्षात असू द्या. मुलं कॉलेजला जातात, साप तुमच्याकडे उरतो.

लंचला आता दोघं असतात म्हणे. खोलीचं दार अजून बंदच असतं. कोलंबसला कधी आलात तर चकलीला बघायला जरूर या. फक्त झाकण उघडू नका.