झेडलिब आहे, तरी सापडत नाही

उबंटू किंवा डेबियन नव्याने वापरणाऱ्याला सॉफ्टवेअर बसवणं सोपं वाटतं. ‘एपीटी’ला नाव सांगितलं की तयार पॅकेज उतरतं, त्याला लागणारं बाकी सगळंही सोबत येतं. मग एके दिवशी हवं ते सॉफ्टवेअर यादीत नसतं, किंवा असतं ते फार जुनं. हाती येतो सोर्स कोडचा टारबॉल आणि तीन आज्ञा: कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल.

पहिल्याच आज्ञेला पडद्यावर ओळींमागून ओळी धावू लागतात. कंपायलर आहे का, अमुक हेडर आहे का, तमुक फंक्शन चालतं का? नवख्याला तो गोंधळ वाटतो, पण ही रीतसर चौकशी असते. १९९१ मध्ये डेव्हिड मॅकेन्झी यांनी अशा कॉन्फिगर स्क्रिप्ट तयार करणारं ऑटोकॉन्फ लिहायला घेतलं तेव्हा युनिक्सचे कितीतरी प्रकार वापरात होते आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी होती. म्हणून कॉन्फिगर नुसत्या अंदाजावर विसंबत नाही. इवलेसे प्रोग्राम तिथल्या तिथे कंपाइल करून खात्री करून घेतं.

आणि मग गाडी अडते. ‘झेडलिब डॉट एच’ सापडत नाही, असं सांगून काम थांबतं. नवखा चक्रावतो, कारण झेडलिब तर यंत्रावर आहेच. डेटा दाबून लहान करणारी ही लायब्ररी कितीतरी प्रोग्राम रोज वापरतात. मात्र डेबियन एकाच लायब्ररीचे दोन भाग करतं. चालू प्रोग्रामला लागणारा भाग एका पॅकेजात, तर नवा प्रोग्राम घडवताना लागणारी हेडर ‘डेव्ह’ शेपटीच्या दुसऱ्या पॅकेजात. फेडोरात हीच शेपटी ‘डेव्हेल’ होते. एवढं उमगलं की पुढच्या बऱ्याच चुकांचा अर्थ लागू लागतो. वापरणं आणि घडवणं यांतला फरक एका त्रुटीच्या ओळीने शिकवलेला असतो, आणि आपला प्रोग्राम किती जणांच्या कामावर उभा आहे हेही पहिल्यांदाच दिसतं.

मेकचा जन्मही अशाच एका वैतागातून झाला. १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टीव्ह जॉन्सन यांची अख्खी सकाळ एका बिनचूक प्रोग्राममधली चूक शोधण्यात गेली. दुरुस्ती झाली होती, पण बदललेली फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली होती. ते ऐकून सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांनी मेक लिहिलं. कोणती फाइल कशावर अवलंबून आहे आणि कोणती केव्हा बदलली हे पाहून ते आवश्यक तेवढंच पुन्हा घडवतं.

आज पॅकेजं इतकी मुबलक असताना ही खटपट कशासाठी?

२०२४ च्या मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या विकासकाला एसएसएचचं, म्हणजे दूरच्या यंत्रावरचं, लॉगिन सुमारे अर्धा सेकंद रेंगाळताना दिसलं. माग काढत तो एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या प्रकल्पापर्यंत पोचला. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट पेरलेली होती. ती जागी करणारा तुकडा गिटच्या सार्वजनिक भांडारात नव्हता. फक्त प्रकाशित टारबॉलमधल्या बांधणीच्या स्क्रिप्टमध्ये होता, आणि कॉन्फिगर चालताना कामाला लागत होता. नवख्याच्या डोळ्यांसमोरून भराभर सरकणाऱ्या त्याच ओळींच्या आड.

सोर्स खुला असणं आणि तो कुणीतरी खरोखर बांधून पाहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डेबियनमध्ये म्हणूनच गेली काही वर्षं ‘रिप्रोड्युसिबल बिल्ड्स’चं काम चालू आहे. एकाच सोर्समधून कुणीही, कुठेही बांधणी केली तरी बिट न् बिट सारखी फाइल निघावी, म्हणजे मिळालेलं पॅकेज त्याच सोर्समधून आलंय का ते पडताळता येतं. अशा पडताळणीला माणसं लागतात, आणि ती कधीतरी ‘झेडलिब डॉट एच’पाशी अडलेली असतात.

स्वतः बांधणी करून पाहायची तर सुरुवातीला ‘ग्नू हॅलो’ उत्तम. एक अभिवादन छापण्यापलीकडे ते फारसं काही करत नाही, पण नमुना म्हणूनच बनवलेलं असल्याने त्यात कॉन्फिगरपासून सगळा साज आहे. कॉन्फिगरला ‘प्रीफिक्स’ या पर्यायात बसवण्यासाठी स्वतःच्या होम फोल्डरमधली जागा दिली तर रूटचा पासवर्ड लागत नाही, आणि नको झालं की ते फोल्डर पुसून टाकता येतं.