हलके मचाण

इंदूरजवळच्या रालामंडळच्या टेकडीवर होळकरांची शिकारगाह, म्हणजे शिकारीच्या वेळी मुक्कामासाठी बांधलेली वास्तू, आजही उभी आहे. परंतु रानात वाघाची वाट पाहायची तर मचाण, म्हणजे झाडाच्या बेचक्यात बांधलेली बैठक, हलके निवडावे लागे. दोरीने विणलेली साधी खाट त्यासाठी उत्तम, कारण दोन माणसे ती सहज वाहून नेत आणि ती बांधताना फांद्या फारशा तोडाव्या लागत नसत; ताज्या तुटलेल्या फांदीचा पांढरा घाव जनावराला सावध करी. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक निर्बंध आणले आणि 1989 मध्ये रालामंडळ अभयारण्य झाले, हे योग्यच झाले. मचाण मात्र टिकले: महाराष्ट्रात बुद्धपौर्णिमेच्या रात्री त्यावर बसून पाणवठ्यावर येणारे प्राणी मोजले जातात.